मोठेपणी एडीएचडी किंवा ऑटिझमची शंका आली तर काय करायचं? पहिल्या शंकेपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

कोणी रील बघून, कोणी मित्राचं ऐकून, तर कोणी मुलाच्या शाळेने समुपदेशकाकडे पाठवल्यावर तिथला फॉर्म भरता भरता "अरे, हे तर सगळं माझंच वर्णन चाललंय" असं वाटून विचारतात की आता पुढे काय करू. मला स्वतःला एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं कठीण जाणारी मेंदूची ठेवण) आहे, निदान चाळिशीच्या आसपास झालं, मी डॉक्टर नाही. पण हा सगळा रस्ता चालून आलोय आणि ओळखीतल्या काहींसोबत पण गेलोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एडीएचडी, ऑटिझम, डिस्लेक्सियासारख्या लर्निंग डिसॅबिलिटी, हे मोठेपणी "होत" नाही. मेंदूची वाढच लहानपणापासून वेगळ्या पद्धतीने झालेली असते, मोठेपणी फक्त ते ओळखू येतं. त्यामुळे "मला आज काय होतंय" यापेक्षा "हे कधीपासून होतंय" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. डॉक्टर पण तेच शोधतात. डीएसएम-५ (मानसिक निदानासाठी डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक) या २०१३ च्या निकषांप्रमाणे एडीएचडीची बरीचशी लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असायला लागतात आणि ती एकाच ठिकाणी नाही तर दोन किंवा जास्त ठिकाणी, म्हणजे घरी पण आणि ऑफिसात पण. फक्त एका विशिष्ट बॉससमोरच तुमचं लक्ष लागत नसेल तर प्रॉब्लेम बहुतेक बॉसचा आहे.

मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? एक तर आपल्या पिढीच्या शाळेत हे कोणाला माहीतच नव्हतं, आणि दुसरं म्हणजे लहानपणी आपल्याभोवती टाइमटेबल असतं, आई दप्तर भरते, डबा हातात देते, परीक्षेच्या आदल्या रात्री बुद्धीच्या जोरावर निभावून जातं. मग हॉस्टेल येतं, नोकरी येते, लग्न, ईएमआय, मूल, सासू-सासऱ्यांची औषधं, आणि तो बाहेरचा आधार सुटला की गाडी घसरायला लागते. म्हणून तिशी-पस्तिशीत, बायकांच्या बाबतीत तर बऱ्याचदा बाळंतपणानंतर, "मला अचानक काहीच जमेनासं झालंय" असं वाटतं. अचानक झालेलं नसतं, झाकलेलं असतं ते उघडं पडतं.

पायरी १: मोठ्या माणसात हे कसं दिसतं ते समजून घ्या

एडीएचडी म्हटलं की आपल्याला खुर्चीवरून उड्या मारणारा पोरगा दिसतो. मोठ्या माणसात ती पळापळ आत गेलेली असते, मिटिंगमध्ये पाय हलतोय, डोक्यात एकाच वेळी चार चॅनल चालू आहेत, रात्री झोपताना पण बंद होत नाहीत. बाहेरून दिसतो तो पसारा. खात्यात पैसे असून लाइट बिल लेट, आयटी रिटर्न ३१ जुलैच्या रात्री, गाडीची चावी रोज शोधायची, "पाच मिनिटांत निघतो" आणि पाऊण तास.

ओळखीतल्या एकाचं सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला, क्लायंट फोनवर ओरडतोय, बाकीचे गांगरलेत, तेव्हा हा शांतपणे बसून तासाभरात सगळं उभं करतो, टीममध्ये त्याची ख्याती आहे. आणि हाच माणूस आठवड्याची टाइमशीट भरत नाही. दहा मिनिटांचं काम, आठ रिमाइंडर, मॅनेजरची चिडलेली मेल, तरी नाही. सगळे म्हणतात "मनात आणलं तर करतो हा, मुद्दाम टाळतो". मनात आणण्याचा तो प्रश्नच नाहीये. घाई, भीती, नवेपणा किंवा आवड असेल तर हा मेंदू चालू होतो, नुसतं "महत्त्वाचं आहे" एवढ्यावर तो चालू होत नाही. हा विरोधाभास तुमच्यात आयुष्यभर दिसत असेल तर तो लिहून ठेवा, डॉक्टरला सांगायला उपयोगी पडतो.

निकषांमध्ये लक्ष न लागण्याची ९ आणि चंचलता-उतावळेपणाची ९ अशी १८ लक्षणं आहेत, १७ वर्षांपुढच्या माणसात त्यातल्या कुठल्या तरी एका गटातली निदान ५ लागतात. पटकन राग येणं, पटकन रडू येणं, कोणी जरा टोकलं की दिवसभर तेच डोक्यात, हे त्या यादीत नाही पण खूप जणांमध्ये असतं.

ऑटिझमचं चित्र वेगळं. इथे मुळात दोन गोष्टी बघतात: लोकांशी बोलण्या-वागण्यातले न लिहिलेले नियम आपोआप न कळणं, आणि तोचतोचपणाची गरज, त्यात ठरलेला क्रम, एखाद्या विषयाचं खोल वेड, आवाज-स्पर्श-वास यांचा जास्त (किंवा कमी) त्रास हे सगळं आलं. मोठेपणी म्हणजे काय, तर हळदीकुंकवाला किंवा ऑफिसच्या पार्टीत काय बोलायचं याची वाक्यं घरून पाठ करून जाणं. "या की एकदा घरी" म्हटल्यावर खरंच तारीख विचारणं. तीच लोकल, तोच डबा, तीच जागा, आणि न सांगता पाहुणे आले की छातीत धडधड. मिक्सरचा आवाज, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, भेंडीचा बुळबुळीतपणा सहन न होणं. गणपतीत डीजेचा त्रास सगळ्यांनाच होतो हो, पण इथे माणूस नंतर दोन दिवस बोलण्याच्या स्थितीत नसतो. बाहेरचे त्याला घुम्या, शिष्ट, एककल्ली म्हणून मोकळे होतात. पूर्वी ज्याला ॲस्पर्जर म्हणायचे ते पण २०१३ पासून ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरलं जातं, त्यामुळे शिकलेला, नोकरी करणारा, संसार असलेला माणूस ऑटिस्टिक असू शकतो यात आश्चर्य वाटून घेऊ नका.

बायकांचं जास्त सुटतं. मुलींना लहानपणापासून "नीट बस, हसून बोल, पाहुण्यांना पाणी दे" हे इतकं घोटून शिकवलेलं असतं की त्या दुसऱ्यांचं बघून बघून नक्कल करायला शिकतात, आणि त्या नक्कलेत सगळी ताकद संपते. डॉक्टरकडे त्या पोचतात त्या बहुतेक वेळा चिंता किंवा डिप्रेशन म्हणून.

लर्निंग डिसॅबिलिटीत वाचन हळू, स्पेलिंगचा गोंधळ, फॉर्म भरायची भीती, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं टाळणं, आकडे उलटसुलट. हातापायांचा ताळमेळ नसणं (सतत धडपडणं, गाडी शिकायला अतोनात वेळ लागणं) आणि टिक्स (डोळे मिचकावणं, मान झटकणं असं आपोआप, परत परत होणं) हे पण याच कुटुंबातले. आणि हे एकेकटे येतीलच असं नाही. २०१३ च्या आधी एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहे असं निदान नियमाप्रमाणे देता यायचं नाही, आता देतात, आणि दोन्ही असलेले लोक भरपूर आहेत. त्यांच्या आत कायम भांडणं चालू असतात, ऑटिझमला रोज तेच हवं आणि एडीएचडीला तेच केल्यावर कंटाळा.

पायरी २: दुसरं काही नाही ना ते आधी बघा

ही पायरी लोक गाळतात. साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, शुगर एवढं करून घ्या. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी असणं सर्रास आहे आणि त्याने विसरभोळेपणा, थकवा, डोकं न चालणं हे सगळं होतं. जोरात घोरत असाल आणि सकाळी उठून पण झोप झाल्यासारखं वाटत नसेल तर स्लीप ॲप्नियाचं (झोपेत श्वास अडकणं) विचारा. दारू, गांजा, रोज चार तासांची झोप हे चालू असेल तर आधी ते.

डिप्रेशनमध्ये पण लक्ष लागत नाही, पण ते कधीतरी सुरू होतं, त्याच्या आधीचा तुम्ही वेगळा असता. एडीएचडीत तो "आधीचा" सापडत नाही. बायपोलर वेगळं ओळखणं फार गरजेचं आहे, म्हणजे अधूनमधून काही दिवस झोप न घेता जोरात उत्साह, बेफाम खर्च, मोठमोठे प्लॅन आणि मग परत खाली, असं तुम्हाला किंवा घरात कोणाला झालेलं असेल तर ते डॉक्टरला सांगितलंच पाहिजे, कारण एडीएचडीच्या काही औषधांनी ते उफाळू शकतं. पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांमध्ये पाळी जायच्या काळातला विसरभोळेपणा पण असाच दिसतो. इथे पण प्रश्न तोच, कधीपासून.

आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर असेसमेंटची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबायचं नाही. टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं.

पायरी ३: ऑनलाइन टेस्ट भरा, पण निकालाला निदान समजू नका

एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची १८ प्रश्नांची यादी आहे, त्यातले पहिले ६ प्रश्न चाळणीचे. त्यात ४ किंवा जास्त उत्तरं गडद रकान्यात गेली तर पुढे जाऊन दाखवण्यासारखं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ऑटिझमसाठी एक्यू ५० प्रश्नांची आणि आरएएडीएस-आर ८० प्रश्नांची. या दुसऱ्या टेस्टमध्ये नुसती चिंता किंवा एडीएचडी असलेल्या माणसाचा पण स्कोअर सहज वर जातो, तेव्हा स्क्रीनशॉट टाकून फॅमिली ग्रुपवर जाहीर करायची घाई नको.

शिवाय हे प्रश्न आपल्या घरांसाठी लिहिलेले नाहीत. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडता का, असं विचारतात, आणि आपल्याकडे जेवायला बसल्यावर चौघं एकाच वेळी बोलत असतात. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा न भिडवणं हे आपल्याकडे संस्कारात धरतात. म्हणून प्रत्येक उत्तराशेजारी स्वतःचा एक खरा प्रसंग लिहा, आणि तुमच्याच घरातल्या, तुमच्याच वयाच्या भावंडांपेक्षा तुम्ही वेगळे होता का ते बघा. स्कोअरपेक्षा ते प्रसंग जास्त कामाचे.

पायरी ४: पुरावे गोळा करा

मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, कारण पस्तिशीतला माणूस डॉक्टरसमोर बसून स्वतःचं चौथीचं वय आठवू शकत नाही, आणि आठवलं तरी आत्ताच्या चष्म्यातून आठवतो.

माळ्यावरच्या पेटीत, आईच्या कपाटातल्या पिशवीत कुठेतरी जुनी प्रगतिपुस्तकं असतात. मार्क बघू नका, शेरे बघा. "हुशार आहे पण लक्ष नाही." "वर्गात फार बडबड करतो." "अक्षर सुधारावे." "गृहपाठ अपूर्ण." "इतर मुलांमध्ये मिसळत नाही." लाल शाईतले हे शेरे ओळीने तीन-चार वर्षं, वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात सापडले तर त्याच्याइतका चांगला पुरावा नाही. मोबाइलवर फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. नाही सापडली तर अडत नाही, पण शोधा.

दुसरा पुरावा म्हणजे आई, किंवा जिने तुम्हाला वाढवलं ती मावशी, आत्या, मोठी ताई. आईला "मी लहानपणी कसा होतो" असं मोघम विचारलंत की उत्तर ठरलेलं, "अगदी शहाणा होतास रे, काही त्रास नाही". माझ्या आईने सायकॉलॉजिस्टला फोनवर हेच सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, "फक्त शाळेत जाताना चपला घातल्यात का ते बघायला लागायचं, आणि दुकानात पाठवला तर दुसऱ्याच आळीत सापडायचा." म्हणून नेमकं विचारा. चालायला-बोलायला कधी लागलो? एकटा खेळायचो की मुलांमध्ये? डबा, छत्री, पेन किती हरवायचो? जेवताना एका जागी बसायचो का? कुठल्या कपड्यावरून, आवाजावरून रडायचो? ठरलेलं बदललं की काय करायचो? आईला त्यात आपल्यावर ठपका येतोय असं वाटू शकतं, तर "तुझं काही चुकलं म्हणून नाही विचारत गं" हे आधी सांगून टाका. वडील, काका पण तसेच असतील तर ते पण नोंदवा, हे घराण्यात चालत येतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता ७० ते ८० टक्के धरतात.

तिसरा पुरावा आत्ताचा. नवरा-बायको किंवा सोबत राहणाऱ्या कोणालातरी एक पान लिहायला सांगा, तुम्ही वाचायचं नाही, तसंच द्यायचं. सोडलेल्या नोकऱ्या, अर्धवट कोर्स, लेट फी, अपघात, तुटलेली नाती हे वर्षांसकट एका कागदावर. दोन पानांच्या वर जाऊ नका, नाहीतर ते पण अर्धवट राहील (अनुभव).

पायरी ५: कोणाकडे जायचं

निदान सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून. सायकियाट्रिस्ट औषध देऊ शकतात, सायकॉलॉजिस्ट टेस्ट आणि थेरपी करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, त्यांचा सीआरआर नंबर विचारायला लाजू नका. नुसतं "काउन्सेलर" किंवा "लाइफ कोच" लिहिलेलं असेल तर तिथे बोलून बरं वाटेल पण निदान होणार नाही.

सरकारी पर्याय आहेत आणि ते स्वस्त आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय. "येरवड्याला गेलो" म्हटल्यावर लोक काय म्हणतील हा प्रश्न असतो, मला माहितीये, पण ओपीडीत केसपेपर काढून बसलेले लोक तुमच्या-आमच्यासारखेच असतात. गर्दी मात्र असते, सकाळी लवकर जा.

खाजगीत जायच्या आधी फोनवर एवढं विचारा: मोठ्या माणसांचं एडीएचडी-ऑटिझमचं असेसमेंट नियमित करता का (बरेच जण फक्त मुलांचं करतात), किती सेशन, सगळे मिळून पैसे किती, लेखी रिपोर्ट मिळतो का आणि त्यावर सही कोणाची. एकूण आकडा आधीच घ्या, दर सेशनला नवीन टेस्ट जोडत नेणारे पण भेटतात.

तिथे काय होतं? सविस्तर मुलाखत, बहुतेक दोन-तीन बैठकांमध्ये. एडीएचडीला डीवासारखी ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत घेतात, ज्यात प्रत्येक लक्षणाचं लहानपणचं आणि आत्ताचं उदाहरण विचारतात. इथे तुमचा तो फोल्डर कामाला येतो. घरच्यांशी बोलतात, कधी बुद्ध्यांकाची किंवा वाचन-लेखनाची चाचणी घेतात. रक्त तपासून, एमआरआय किंवा ईईजी काढून हे निदान होत नाही. "ब्रेन मॅपिंग"चं पॅकेज कोणी विकायला लागलं की नमस्कार करून निघा.

दुसरं मत कधी घ्यायचं? लहानपणाबद्दल एक अक्षर न विचारता दहा मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या तर. किंवा "इंजिनिअर झालात ना, मग एडीएचडी कसा असेल", "डोळ्यात बघून बोलताय की, ऑटिझम नाही" एवढ्यावर वाटेला लावलं तर. दोन्ही प्रकार होतात. पण नीट विचारपूस करून कोणी "हे एडीएचडी नाही, चिंता आहे" म्हटलं तर हवं ते उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलत बसू नका.

पायरी ६: निदानानंतर

एडीएचडीला औषधं आहेत आणि बऱ्याच जणांना चांगली लागू पडतात. भारतात मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन. पहिलं त्याच दिवशी काम करतं, साधी गोळी तीन-चार तास टिकते, भूक आणि झोप कमी होऊ शकते. ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ठरावीक दुकानं किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीत मिळतं, मध्येच स्टॉक संपतो, तेव्हा शेवटच्या गोळीची वाट न बघता आठवडाभर आधी फोन करा. ॲटोमॉक्सेटिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतं, लोक तिथेच सोडतात. कुठलंही सुरू करायच्या आधी बीपी, नाडी, घरात हृदयविकार आहे का हे बघायलाच हवं. अमेरिकेतल्या भावाकडून ॲम्फेटामिनच्या गोळ्या मागवण्याचं डोक्यात असेल तर काढून टाका, त्या इथे त्याच कायद्यात अडकतात.

ऑटिझमच्या मूळ गोष्टींवर गोळी नाही आणि ती शोधायची पण नाही. सोबतची चिंता, झोप, डिप्रेशन यावर उपचार होतात आणि बाकी आजूबाजूचं बदलायचं. लग्नाला जायचं पण निघायची वेळ आधीच सांगून, कानात इअरप्लग घालून, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून. ऑफिसात तोंडी सूचनांऐवजी मेल मागायची.

एडीएचडीत पण घरातले जुगाड औषधाइतकेच लागतात. सगळी बिलं ऑटोपेवर, दाराशेजारी चावीचा खिळा, दुधाला शिट्टीचा मिल्क कुकर, कंटाळवाणं काम करताना शेजारी कोणीतरी नुसतं बसलेलं (ते आपलं वाचत बसलं तरी चालतं, का चालतं देव जाणे). एडीएचडीसाठी वेगळी बेतलेली सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) थेरपी असते, साध्या "बोलून मोकळं व्हा" सेशनपेक्षा ती जास्त उपयोगी.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी नाही. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी हॉस्पिटलचं बोर्ड तपासतं, खाजगी रिपोर्ट तिथे जोडता येतो पण त्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. आरक्षणासारख्या सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. नोकरीत असाल आणि घाई नसेल तर आधी एचआरला निदान सांगून टाकायची गरज नाही, नेमकं काय हवंय (शांत जागा, लेखी सूचना, उशिराची शिफ्ट) तेवढंच मागून बघा.

घरी सांगताना पूर्ण खानदानाला एकदम सांगू नका. आधी ज्याच्यासोबत राहता त्याला, रिपोर्ट शेजारी बसून वाचून दाखवत. "म्हणजे आता सगळ्याला हेच कारण देणार का" हा प्रश्न येणार, तर त्याच दिवशी एक काम असं उचला जे आत्तापर्यंत ती व्यक्ती तुमच्यासाठी निस्तरत होती, आणि ते तुम्ही कसं करणार ते ठरवून दाखवा. लाइट बिलापासून सुरुवात करा, सोपं आहे.

आणि मुलं असतील तर त्यांच्याकडे पण लक्ष ठेवा. जिल्हा रुग्णालयांमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डीईआयसी नावाची केंद्रं आहेत, तिथे तपासणी फुकट होते. लर्निंग डिसॅबिलिटी असेल तर दहावी-बारावीला बोर्डाच्या जादा वेळेसारख्या सवलतींना सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळायला महिने जातात, तेव्हा मूल आठवी-नववीत असतानाच कागद हलवायला घ्या.